नायट्रेट संपल्यावरच पाणी चिकट का होते? उपाशी वनस्पतिप्लवक आणि पारदर्शक चिकट कण

प्रश्न थोडक्यात असा आहे. डायाटम म्हणजे सिलिकाचे कवच असलेले एकपेशीय वनस्पतिप्लवक. त्यांच्या कल्चरमधले, म्हणजे प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये वाढवलेल्या पेशींच्या पाण्यातले, नायट्रेट चार-पाच दिवसांत संपते आणि पेशींची संख्या वाढायची थांबते. पाणी मात्र त्यानंतरच बुळबुळीत व्हायला लागते. फ्लास्क हळूच फिरवला की तळातून तंतू उठतात, पेशींचे तपकिरी गोळे दिसतात. पेशींना खायलाच नाही, तर हा चिकट माल त्या कशातून बनवतात? आणि तो किती बनला, हे खात्रीने कसे मोजायचे?

पेशींना खायला नाही, हे अर्धेच खरे आहे. नायट्रोजन संपला आहे. कार्बन आणि उजेड दोन्ही मुबलक आहेत. चिकट पदार्थ म्हणजे मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्या, म्हणजेच पॉलिसॅकराइड. त्यांना लागणारा कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्यातच मिळतो, नायट्रोजन जवळजवळ लागतच नाही. सगळा प्रकार या असमतोलातून येतो. पण त्यात तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत: पेशी जादा कार्बन पकडते, त्यातला काही भाग पॉलिसॅकराइडच्या रूपात बाहेर टाकते, आणि बाहेर आलेल्या साखळ्या पाण्यात एकत्र येऊन कण बनतात. बहुतेक प्रयोगांत फक्त शेवटचा कण मोजला जातो आणि त्यावरून पहिल्या दोन पायऱ्यांबद्दल निष्कर्ष काढले जातात. चुका तिथेच होतात.

पहिली पायरी पेशीच्या आतली. समुद्री प्लवकांत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचे सरासरी प्रमाण रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखले जाते: १०६ : १६ : १. म्हणजे नायट्रोजनच्या एका अणूमागे कार्बनचे साधारण ६.६ अणू. नायट्रेट संपले की नवी प्रथिने बनत नाहीत, आणि प्रथिनांशिवाय पेशीचे विभाजन होत नाही. प्रकाशसंश्लेषण मात्र त्याच क्षणी थांबत नाही. हरितद्रव्य आणि रुबिस्को (कार्बन पकडणारे विकर) हळूहळू घटतात, त्याला काही दिवस लागतात. तोवर कार्बन आत येतच राहतो. प्रमाण ६.६ वरून १०, १५, कधी २० च्याही वर जाते. १९९३ मध्ये टॉगवायलर यांनी या जादा कार्बनग्रहणाकडे लक्ष वेधले. नायट्रेटच्या हिशेबाने जेवढा कार्बन उचलला जायला हवा, त्यापेक्षा समुद्राचा वरचा थर प्रत्यक्षात जास्त उचलतो, ही त्या चर्चेतली मुख्य गोष्ट.

जादा कार्बनचे पेशी आधी साठे करते. डायाटममध्ये हा साठा क्रायसोलॅमिनारिन नावाच्या ग्लुकोजच्या साखळीचा असतो. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: हा साठा पेशीच्या आत असतो, त्यावर विद्युत्भार नसतो, आणि चिकट कण रंगवायला वापरतात त्या अल्शियन ब्लू या रंजकाला तो दाद देत नाही. म्हणून फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने एकूण कर्बोदके मोजली आणि ती वाढलेली दिसली, तर त्यावरून चिकट कण वाढले असे म्हणता येत नाही. बहुतेक वेळा आधी साठा फुगतो आणि बाहेरचा चिकट माल त्याच्या मागून येतो.

दुसरी पायरी बाहेर टाकण्याची. यावर दोन जुनी मते आहेत. एक म्हणते, पेशी भांडे भरून वाहावे तसा जादा कार्बन बाहेर सोडते. दुसरे म्हणते, लहान रेणू पटलातून आपोआप झिरपतात, त्यात पेशीचा काही हेतू नाही. चिकट कणांपुरते बोलायचे तर झिरपण्याचे मत अपुरे आहे. ग्लायकोलिक आम्ल किंवा सुटी साखर पटलातून पाझरेल, पण हजारो साखर-एककांची साखळी पाझरू शकत नाही. ती गॉल्जी पिंडात तयार होते, पुटिकांत (पेशीतल्या बारीक पिशव्यांत) भरली जाते आणि पेशीबाहेर सोडली जाते. हे ऊर्जा खर्च करून केलेले काम आहे. उजेड असेपर्यंत उपाशी पेशीकडे ऊर्जेची चणचण नसते, हे ध्यानात घेतले की कोडे सुटते.

या साखळ्या साध्या नसतात. त्यांत फ्युकोज, ऱ्हॅम्नोज, गॅलॅक्टोज, मॅनोज अशा अनेक शर्करा असतात, आणि मधूनमधून युरॉनिक आम्लांचे कार्बोक्सिल गट व सल्फेट गट लावलेले असतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ८, त्यामुळे हे गट ऋणभारित राहतात. चिकटपणाचे मूळ इथे आहे. पाण्यात कॅल्शियम सुमारे १० मिलिमोल प्रतिलिटर असते. दोन धनभार असलेला कॅल्शियम दोन साखळ्यांच्या ऋण गटांना एकदम धरतो आणि त्यांची गाठ मारतो.

तिसरी पायरी हीच गाठींची. १९९८ मध्ये चिन, ओरेयाना आणि व्हर्डुगो यांनी दाखवले की गाळून घेतलेल्या समुद्राच्या पाण्यातले विरघळलेले पॉलिमर, म्हणजे अशा लांब साखळ्या, कोणत्याही जिवाच्या मदतीशिवाय, आपोआप जुळून जेल बनवतात. आणि ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारे रसायन) घालून कॅल्शियम काढून घेतला की ही जेल विस्कटतात. एक-दोन नॅनोमीटर जाडीचे तंतू, त्यांचे नॅनोजेल, मग मायक्रोजेल, आणि पुढे शेकडो मायक्रोमीटरचे कण अशी चढती साखळी असते. बुडबुडे उठवले किंवा पाणी मंद गतीने घुसळले की हे काम झपाट्याने होते, कारण बुडबुड्याच्या पृष्ठभागावर साखळ्या गोळा होतात आणि प्रवाहात एकमेकींवर आपटतात. तेव्हा हवा सोडून वाढवलेल्या कल्चरमध्ये चिकट कण जास्त दिसले, तर त्याचे श्रेय पेशींना देण्याआधी हवेच्या नळीकडे बघावे.

या कणांना १९९३ मध्ये ऑल्ड्रेज, पासो आणि लोगन यांनी पारदर्शक बाह्यपॉलिमर कण असे नाव दिले. बोलताना सगळे टीईपी म्हणतात. त्याआधी ते दिसत नव्हते, कारण ते खरोखरच पारदर्शक आहेत. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्याची काच पाहिली तर पेशी कशालाही न चिकटता एका रेषेत लटकल्यासारख्या दिसतात. तिथेच अल्शियन ब्लूचा थेंब गेला की रेषेच्या जागी निळा पट्टा उमटतो, कडा फाटक्या, मध्ये विरळ, आणि डायाटम त्यात माशा चिकटाव्यात तसे अडकलेले. समुद्रात ५ मायक्रोमीटरपेक्षा मोठे असे कण मिलिलिटरमागे एकापासून काही हजारांपर्यंत सापडतात, आणि २ मायक्रोमीटरपासून मोजले तर बहरात, म्हणजे प्लवकांची एकदम मोठी वाढ होते तेव्हा, संख्या ४०,००० पर्यंत जाते.

कोणते पोषक द्रव्य संपले, याने फरक पडतो. नायट्रोजन संपला तर प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणाच हळूहळू मोडते, कारण ती प्रथिनांची आहे. म्हणून कार्बनचा ओघ काही दिवसांनी आटतो. फॉस्फरस संपला तर विभाजन थांबते, पण नायट्रोजन असल्यामुळे यंत्रणा जास्त काळ टिकू शकते आणि स्राव लांबत जातो. शिवाय फॉस्फरसच्या टंचाईत जिवाणूही उपाशी असतात. बाहेर आलेली साखर खायला त्यांच्याकडे कार्बन भरपूर, पण फॉस्फरस नाही. त्यामुळे ती साखर पाण्यात साचत राहते. उत्तर एड्रियाटिक समुद्रातले चिकट तवंग याच चौकटीत समजतात: त्याला मिळणाऱ्या इटलीतल्या पो नदीच्या पाण्यात फॉस्फरसच्या मानाने नायट्रोजन फार जास्त असतो. त्या समुद्रात असे तवंग अठराव्या शतकापासून नोंदले गेले आहेत. २०२१ मध्ये तुर्कस्तानातल्या मार्मारा समुद्रावर पसरलेला चिकट थरही जगभर चर्चेत आला. सिलिकेट संपले तर गोष्ट फक्त डायाटमपुरती: नायट्रेट शिल्लक असते, कवच बनत नाही म्हणून विभाजन अडते. सिलिकेटच्या टंचाईचा परिणाम जातीनुसार इतका बदलतो की एका जातीवरून दुसऱ्या जातीबद्दल काही सांगू नये.

आता प्रयोगाकडे. सगळ्यात जास्त बिघडते ते माध्यमात. एफ/२ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोषक माध्यमात नायट्रेट ८८२, फॉस्फेट ३६.२ आणि सिलिकेट १०६ मायक्रोमोल प्रतिलिटर असते (पुढचे मायक्रोमोलचे आकडेही प्रतिलिटरच). डायाटमला सिलिकॉन आणि नायट्रोजन जवळजवळ सारखेच लागतात. म्हणजे एफ/२ मध्ये डायाटम वाढवला तर नायट्रेट संपण्याच्या कितीतरी आधी सिलिकेट संपते, आणि वाढ थांबलेल्या स्थिर अवस्थेला आपण नायट्रोजनची टंचाई म्हणत बसतो. आणखी एक हिशेब करून पाहा. ८८२ मायक्रोमोल नायट्रेट वापरायला ६.६ च्या प्रमाणाने सुमारे ५,८०० मायक्रोमोल कार्बन लागेल. समुद्राच्या पाण्यात विरघळलेला अजैव कार्बन साधारण २,००० च असतो. सिलिकेट न लागणारी जात वाढवली तरी तिला नायट्रेट संपण्याआधी कार्बनचीच टंचाई होते आणि पीएच ९ च्या वर जातो. अशा कल्चरमध्ये दिसणारा चिकटपणा नक्की कशाचा, हे कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून माध्यम स्वतः बांधावे. नायट्रोजनच्या टंचाईसाठी नायट्रेट ५०, फॉस्फेट १०, सिलिकेट १५० मायक्रोमोल ही चांगली सुरुवात आहे. ५० नायट्रेटला सुमारे ३३० मायक्रोमोल कार्बन लागतो. पुढे पेशींनी तेवढाच जादा पकडला तरी कार्बन पुरतो आणि पीएच हाताबाहेर जात नाही. फॉस्फरसच्या टंचाईसाठी नायट्रेट १५०, फॉस्फेट २, सिलिकेट १५० ठेवावे. सूक्ष्म धातू आणि जीवनसत्त्वे नेहमीसारखी. सिलिकेटच्या टंचाईसाठी सिलिकेट २०–३० आणि बाकी मुबलक. पण हा प्रयोग काचेच्या फ्लास्कमध्ये करू नये, काचेतून सिलिका सुटते. पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या वापराव्यात. फॉस्फेट आणि सिलिकेट निर्जंतुक गाळणीतून गाळून, पाणी ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने) निर्जंतुक होऊन थंड झाल्यावर घालावे. आधी घातले तर उष्णतेने कर्बवायू निघून जातो, पीएच चढतो आणि पांढरा साका बसतो. त्यात तुमचे फॉस्फेटही जाते.

ईडीटीएबद्दल शंका हमखास निघते: माध्यमातला ईडीटीए जेल विरघळवत नाही का? एफ/२ मध्ये तो ११.७ मायक्रोमोल असतो, आणि कॅल्शियम त्याच्या साडेआठशे पट. तेव्हा त्याची काळजी नको.

बी, म्हणजे नवे कल्चर सुरू करायला जुन्यातले थोडे पाणी, टाकताना होणारी चूक अगदी साधी आहे. एफ/२ मध्ये वाढलेल्या कल्चरचे १ टक्का बी टाकले आणि त्यात ८०० मायक्रोमोल नायट्रेट शिल्लक असेल, तर नव्या फ्लास्कमध्ये ८ मायक्रोमोल नायट्रेट गेले. फॉस्फेटचे पूर्ण ३६ शिल्लक असेल तर ०.३६ गेले, म्हणजे २ मायक्रोमोलच्या प्रयोगात १८ टक्के. वर पेशींनी पोटात पॉलिफॉस्फेटच्या रूपात साठवलेला फॉस्फरस वेगळाच. म्हणून बी त्याच टंचाईच्या माध्यमात निदान दोनदा वाढवून घ्यावे. फॉस्फेट पाण्यातून संपल्यावरही पेशी साठ्यावर दोन-तीन वेळा विभागतात. पाण्यातला फॉस्फेट शून्य म्हणजे टंचाई सुरू झाली, असे समजू नये.

टंचाई सिद्ध करायला सर्वांत खात्रीची परीक्षा परत घालण्याची. कल्चरचे चार भाग करा: एकात काही नाही, एकात नायट्रेट, एकात फॉस्फेट, एकात दोन्ही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जो भाग सावरेल, तो उत्तर देतो. सोबत फ्लोरोमीटर असेल तर एफव्ही/एफएम, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा किती धड आहे ते सांगणारे गुणोत्तर, पाहावे. सुदृढ डायाटममध्ये ते ०.६ च्या आसपास असते, नायट्रोजनच्या टंचाईत ०.३–०.४ वर घसरते आणि नायट्रेट दिल्यावर दिवसभरात चढते. चढलेच नाही तर पेशी उपाशी नाहीत, मरणाच्या वाटेवर आहेत. फॉस्फरससाठी अल्कलाइन फॉस्फटेजची (सेंद्रिय पदार्थांतून फॉस्फेट सोडवणाऱ्या विकराची) क्रिया पाहता येते. टंचाई सुरू झाली की ती वाढते.

एकदा बी टाकून कल्चर तसेच वाढू देण्याची बॅच पद्धत सोपी, पण तिच्यात वय, टंचाई, पीएच आणि मृत्यू हे सगळे एकाच वेळी बदलतात. पेशी टंचाईत असताना स्राव किती, हा प्रश्न असेल तर केमोस्टॅट (ज्यात ताजे माध्यम सतत येते आणि तेवढेच कल्चर बाहेर जाते) किंवा रोज २० टक्के बदलणारे अर्धसातत्याचे कल्चर घ्यावे. रोज पाचवा हिस्सा बदलला की पेशी त्याच वेगाने, म्हणजे दिवसाला सुमारे ०.२ ने, वाढत राहतात आणि टंचाई कायम राहते. अडचण एकच: चिकट माल भिंतीला धरतो. आठवडाभराने बाटलीच्या आत हात फिरवल्यासारखा थर जाणवतो, आणि पाण्यातली मोजणी खरी राहत नाही. बाटली दर पाच-सहा दिवसांनी बदलावी आणि भिंतीवरचा थर वेगळा खरवडून मोजावा.

मोजणीची प्रचलित पद्धत १९९५ ची, पासो आणि ऑल्ड्रेज यांची. अल्शियन ब्लू ८जीएक्स हे तांबे असलेले धनभारित रंजक आहे. ते ०.०२ टक्के, ०.०६ टक्के असेटिक आम्लात, पीएच २.५ वर घेतात. या पीएचला ते कार्बोक्सिल आणि सल्फेट दोन्ही गटांना धरते. पीएच १ ला फक्त सल्फेटला. स्रावाचे स्वरूप बदलले का, हे पाहायचे असेल तर दोन्ही पीएचला रंगवून तुलना करता येते.

रंजक दर वेळी वापरण्यापूर्वी ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळावे. ठेवलेल्या द्रावणात त्याचे स्वतःचेच निळे गोळे बनतात आणि ते नमुन्यात कण म्हणून मोजले जातात. मग नमुना ०.४ मायक्रोमीटरच्या पॉलिकार्बोनेट फिल्टरवर गाळावा. निर्वात १५० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली, म्हणजे २० किलोपास्कलपेक्षा कमी. ओढ जास्त झाली की जेल छिद्रांतून शेवयांसारखे निघून जातात आणि नाजूक पेशी फुटून आतला माल फिल्टरवर येतो. पहिल्याने आकडा कमी होतो, दुसऱ्याने जास्त, आणि कोणते किती झाले ते कळत नाही. घट्ट कल्चरचे ५–१० मिलिलिटर पुरते, किनारी बहराचे ५०–१००, आणि निळ्या खुल्या समुद्राचे २०० च्या पुढे. पाणी गाळायला दहा मिनिटांहून जास्त लागत असेल तर आकारमान कमी करा.

फिल्टरवरचे समुद्राचे पाणी पूर्ण खाली गेल्यावरच रंजक घालावे. मीठ आणि अल्शियन ब्लू भेटले की रंजक तिथेच साकळते. कोरडा झालेला फिल्टर, त्यावर ५०० मायक्रोलिटर रंजक, दोन-तीन सेकंद, लगेच ओढ, आणि मग १ मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्याने एकदा धुणे. जास्त वेळ ठेवले तर रंग गडद होतो, खरेपणा वाढत नाही. नीट रंगलेला फिल्टर सगळीकडे फिकट निळा आणि त्यात ठळक निळे ठिपके असा दिसतो. कडेला निळे कडे उमटले असेल तर फनेल नीट बसले नव्हते. तो फिल्टर टाकून द्यावा.

फिल्टर ६ मिलिलिटर ८० टक्के सल्फ्युरिक आम्लात दोन तास ठेवावा, मधूनमधून हलवावा, आणि ७८७ नॅनोमीटरला शोषण मोजावे. आम्ल करताना आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही; भांडे बर्फात ठेवावे, हातमोजे आणि चष्मा घालावा. हे आम्ल दाट असते, क्युव्हेटमध्ये ओतताना बारीक बुडबुडे अडकतात आणि शोषण वाढवतात. एक-दोन मिनिटे थांबून मग वाचन घ्यावे. प्रत्येक नमुन्याचे तीन फिल्टर आणि दर तुकडीला तुलनेसाठी नमुन्याशिवायचे तीन कोरे: ऊर्ध्वपातित पाणी गाळलेले, रंगवलेले फिल्टर. घट्ट कल्चरसाठी एक न रंगवलेला फिल्टरही आम्लात घालावा, म्हणजे रंगद्रव्ये आणि कवचांचे गढूळपण किती, ते वजा करता येते. ज्या माध्यमात कल्चर वाढवले, ते पेशींशिवाय तितकेच दिवस ठेवून त्याचाही आकडा घ्यावा. नैसर्गिक समुद्राचे पाणी ०.२ मायक्रोमीटरने गाळले तरी त्यातले विरघळलेले पॉलिमर पार जातात आणि नंतर त्यांचे कण बनतात. कृत्रिम समुद्रपाणी घेतले तर ही डोकेदुखी पुष्कळ कमी होते.

आकडा झँथन गम या पॉलिसॅकराइडच्या समतुल्य मायक्रोग्रॅममध्ये देतात, आणि पद्धतीचा सगळ्यात कमकुवत दुवा हाच. सुमारे ७५ मिलिग्रॅम प्रतिलिटर झँथनचे द्रावण काचेच्या होमोजिनायझरने घोटून घेतात, वेगवेगळी आकारमाने गाळून रंगवतात, आणि फिल्टरवर गम किती राहिला ते सूक्ष्म तराजूवर तोलतात. घोटणे कमी-जास्त झाले की फिल्टरवर राहणारा गम बदलतो. रंजकाची दर नवी बाटली वेगळी असते, रंजक तयार केलेली दर तुकडीही. म्हणून जुना गुणक उचलून नव्या रंजकाला लावू नये. एका प्रयोगमालेला पुरेल एवढे रंजक एकदाच करावे आणि त्याचाच गुणक काढावा. दोन वेगवेगळ्या रंजकांनी घेतलेले आकडे एकाच आलेखावर ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्बनमध्ये रूपांतर करायला ०.७५ मायक्रोग्रॅम कार्बन प्रति मायक्रोग्रॅम झँथन-समतुल्य हा गुणक खूप वापरला जातो. तो डायाटमच्या प्रयोगांतून आला आहे. इतर जातींना लावताना तसे लिहावे.

रंगमापनाचा आकडा कणांचा आकार सांगत नाही. हजार बारीक ठिपके आणि एक मोठी चादर यांचे शोषण सारखे येऊ शकते, पण समुद्रात त्यांचे वागणे अगदी निराळे असते. म्हणून काही फिल्टर काचेवर घेऊन २०० पटीने पाहावेत. तिथे आणखी एक गोष्ट उघड होते: काही जातींच्या पेशींचे आवरणच निळे होते. असे असेल तर रंगमापनातला मोठा हिस्सा पेशींचा असतो, सुट्या कणांचा नव्हे. प्रथिनांचे चिकट कण अल्शियन ब्लूने दिसत नाहीत, त्यांना कूमासी ब्लूने रंगवतात. नायट्रोजनच्या टंचाईत हे दोन्ही कण एकाच दिशेने बदलतील असे गृहीत धरू नये.

आता आकड्यांचे काय करायचे. सर्रास केली जाणारी चूक म्हणजे चिकट कणांना हरितद्रव्याने भागणे. नायट्रोजनच्या टंचाईत पेशीतले हरितद्रव्य निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटते. कण तेवढेच राहिले तरी गुणोत्तर दुप्पट होते आणि आलेख सुरेख चढता दिसतो. पेशींच्या संख्येने, शक्य तर पेशींच्या आकारमानाने भागावे. दुसरे म्हणजे साठा आणि वेग यांत घोळ करू नये. दहाव्या दिवशी कण जास्त आहेत, याचा अर्थ दहाव्या दिवशी स्राव जास्त आहे असा होत नाही. ते आधीच्या दिवसांचे साचलेलेही असतील. दोन मोजण्यांमधला फरक, भागिले दिवस, भागिले त्या काळातली सरासरी पेशीसंख्या, असा वेग काढावा. बऱ्याच कल्चरमध्ये हा वेग नायट्रेट संपल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि मग उतरतो, साठा मात्र चढत राहतो.

तिसरी खबरदारी पेशी जिवंत असण्याची. फुटलेल्या पेशीतूनही पॉलिसॅकराइड बाहेर येते. सायटॉक्स ग्रीन हे चमकणारे रंजक फक्त पटल फाटलेल्या पेशीत शिरते. स्थिर अवस्थेत रोज शंभर-दोनशे पेशी पाहून किती हिरव्या चमकतात ते मोजावे. दहा टक्क्यांच्या वर गेल्या की त्यापुढचा चिकटपणा स्राव म्हणून लिहू नये.

जिवाणूंचे दोन्हीकडे हात असतात. ते साखळ्या तोडतात, आणि स्वतःही चिकट आवरणे बनवतात. जिवाणूरहित कल्चर मिळाले तर उत्तमच, पण ते जिवाणूरहित राहिले का, हे प्रयोगाच्या शेवटीही तपासावे. प्रतिजैविके घालून काम भागवू नये. ती पेशींच्या हरितलवकांवरही परिणाम करतात.

तिन्ही पायऱ्या वेगळ्या काढायच्या असतील तर एक सोपी जोड-चाचणी पुरते. कल्चरचे थोडे पाणी हलक्या ओढीने ०.२ मायक्रोमीटरमधून गाळा, पेशी आणि तयार कण मागे राहतात. गाळलेले पाणी दोन बाटल्यांत घाला: एक तशीच, दुसरीत पीएच ८ ला आणलेला ईडीटीए १० मिलिमोलच्या वर. दोन्ही चोवीस तास मंद फिरवत ठेवा आणि कण मोजा. पहिलीत कण बनले आणि दुसरीत नाही, तर पाण्यात जुळायला तयार साखळ्या होत्या आणि त्या कॅल्शियमने जुळल्या. दोन्हीत काहीच नाही, पण मूळ कल्चरमध्ये कण भरपूर, तर पेशी माल थेट जेलच्या रूपात, आवरण म्हणून सोडत आहेत. जेलमध्ये वसाहती करून राहणाऱ्या फिओसिस्टिससारख्या प्लवकांत असे होऊ शकते. सोबत विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजा. त्यासाठीचे काचतंतूंचे फिल्टर ४५० अंशांवर चार तास भाजून घ्यावेत. कार्बन वाढला पण कण वाढले नाहीत, तर स्राव आहे, जुळणी नाही.

काचतंतूंच्या त्याच फिल्टरवर कणरूप कार्बन मोजतात, तेव्हा चिकट कणही त्यात येतात. म्हणून टंचाईत दिसणारे १५ किंवा २० हे कार्बन-नायट्रोजन प्रमाण पेशीचे नसते. पेशी आणि तिने बाहेर टाकलेला माल, दोन्हींचे असते. चिकट कणांचा कार्बन त्यातून वजा केला की पेशीचे प्रमाण बरेच खाली येते.

नमुना घेताना बाटली हलक्या हाताने दोन-तीनदा उलटी करावी, गदागदा हलवू नये. पिपेटचे टोक कापून रुंद करावे, नाहीतर गोळे तोंडाशीच अडतात. लगेच गाळता येत नसेल तर फॉर्मॅलिन घालून अंधारात थंड ठेवावे. पाणी गोठवू नये, जेलची रचना मोडते. रंगवलेला फिल्टर मात्र उणे २० अंशांवर ठेवता येतो.

गोळे कधी बनतील, हे कणांच्या संख्येवर आणि चिकटपणावर ठरते. धडकांचा दर संख्येच्या वर्गाने वाढतो. धडकेनंतर चिकटण्याची शक्यता या कणांची इतर बहुतेक कणांपेक्षा शंभर ते दहा हजार पट जास्त असते. त्यामुळे बहराच्या शेवटी, पेशी भरपूर आणि पोषक द्रव्ये संपलेली, अशा वेळी एक-दोन दिवसांत सगळे पाणी गोळ्यांनी भरते. पण हे कण एकटे असतील तर बुडत नाहीत. त्यांची घनता ०.७० ते ०.८४ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. सिलिकाचे कवच असलेले डायाटम किंवा चुन्याच्या तबकड्यांचे कोकोलिथोफोर त्यात पुरेसे अडकले तरच गोळा खाली जातो; नाहीतर तो पृष्ठभागाकडे चढतो. प्रयोगशाळेत फ्लास्कच्या तळाशी आणि पाण्याच्या वरच्या कडेला, दोन्हीकडे चिकट थर दिसतो तो यामुळेच. नमुना फक्त मधल्या पाण्यातून घेतला, तर दोन्ही थर सुटतात.